निम्मे गुण बैलाचे

दिव्यश्रीचं काम लोकांना पाडायचं होतं. सर्जापूर रोडवरच्या एका मॉलमध्ये, सगळ्यात वरच्या मजल्यावर, खेळांच्या यंत्रांच्या गलक्यापलीकडे हवा भरलेल्या गाद्यांचं गोल रिंगण होतं. त्याच्या मधोमध लोखंडी खांबावर तपकिरी रेक्झिनचा, रबरी शिंगांचा, बिनपायांचा बैल बसवलेला होता. मालकांनी त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं, पण कामावरची माणसं त्याला गूळी म्हणायची. कन्नडात गूळी म्हणजे वळू. रिंगणाबाहेरच्या टेबलावर त्याच्या दोन मुठी होत्या. एक फिरवली की गूळी गरगरायचा, दुसरी फिरवली की मागून उसळायचा. आयटीतली पोरं मित्रांसमोर ऐटीत चढायची, दोन्ही हातांनी दोराला लटकायची, आणि दिव्यश्रीने दोन्ही मुठी जराशा एकदम वळवल्या की गादीवर पालथी पडायची. सगळे हसायचे. तीही हसायची.

ती स्वतः मात्र गूळीवर कधीच बसली नव्हती.

त्यामागे कारण होतं. आधी ती इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कारखान्यात सर्किटं तपासायची. एका सकाळी धाकटा भाऊ शंभूराज तिला स्कूटरवरून सोडायला निघाला होता. उड्डाणपुलाच्या खालच्या बाजूला वाळू सांडलेली होती, तिच्यावरून चाक घसरलं. शंभूराजला खरचटलं तेवढंच. दिव्यश्रीचं खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड यथावकाश सांधलं, पण हातातून सगळं निसटून अंग हवेत गेल्याचा तो क्षण काही जाईना. स्कूटरवर मागे बसणं सुटलं. सरकत्या जिन्यावरसुद्धा ती कठडा घट्ट धरायची. रोजचा लांबचा प्रवास झेपेना म्हणून कारखाना सुटला, वर्षभर ती घरीच होती, आणि मग ओळखीतून हे मॉलमधलं काम मिळालं. चामराजपेटहून मार्केट, मार्केटहून दुसरी बस. बसमध्ये खिडकीशी बसून ती पुढच्या सीटचा दांडा धरायची आणि उतरेपर्यंत सोडायची नाही.

घर चामराजपेटमधलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. आपले पूर्वज कुणाच्या फौजेबरोबर इथे आले हे आता घरात कुणाला धड सांगता येत नव्हतं. मराठी मात्र टिकली होती, भरपूर कन्नड पोटात घेऊन. वडील रघुजी गल्लीच्या तोंडाशी ऑटोच्या सीटा शिवायचे. आई अंबुबाईंनी मुलीच्या या नव्या नोकरीबद्दल एकदाच विचारलं होतं, तिथे उंचावर चढायचं वगैरे नाही ना. नाही म्हटल्यावर त्यांनी तो विषय सोडून दिला होता.

सुधींद्र नावाचे एक निवृत्त इंजिनियर दर आठवड्याला मॉलमध्ये यायचे. बायको पद्मावती खाली भाजी-किराणा घ्यायची, तोवर हे वर येऊन रिंगणाच्या कठड्याला टेकून उभे राहायचे. बोलायचे नाहीत. कुणी दोन हातांनी दोर धरला की मान हलवायचे. दिव्यश्रीला आधी वाटलं, या गृहस्थांना हा प्रकारच पसंत नसावा. एकदा आईचा फोन आला म्हणून ती मराठीत बोलली, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. घरात आम्हीही हीच बोलतो, म्हणाले, आणि मग जे बोलायला लागले ते पद्मावतीबाई पिशव्या घेऊन वर शोधायला येईपर्यंत थांबलेच नाहीत.

त्यांची बरीच वर्षं कॅनडात गेली होती. जवळच्या गावात दर उन्हाळ्यात रोडिओ भरायचा, वळूंवर बसायच्या खेळांचा मेळा, तिथे ते हौसेने वेळ मोजायला जायचे. स्वतः ते कधी बसले नाहीत. पण कितीतरी उन्हाळे त्यांनी वळूंवर बसणारी माणसं अगदी जवळून पाहिली होती. त्यांनी दिव्यश्रीला सांगितलं, की तुम्ही इथे जे करता ते नुसतं टिकून राहणं आहे, त्या खेळाला नियम आहेत. दोर एकाच हाताने धरायचा. दुसरा हात हवेत, तो बैलाला लागला किंवा स्वतःच्या अंगाला लागला तरी स्वार बाद. फाटक उघडून बैल बाहेर पडला की घड्याळ सुरू, आणि आठ सेकंद पुरी झाली की भोंगा. त्याच्या आधी पडलं तर शून्य. टिकलं तर शंभरातून गुण, त्यातले पन्नास स्वाराचे आणि पन्नास बैलाचे.

बैलाला गुण कशाचे, असं तिने विचारलं.

"तो किती उसळला, किती झपाट्याने वळला, किती फसवलं त्याने, त्याचे. गरीब बैलावर आठ सेकंद बसलास तर त्यात तू काय केलंस? बैल जितका अवघड, तितका स्वार मोठा." ते तिथल्या पोरांना सांगायचे तसंच सांगत होते, लक्षात आल्यावर म्हणाले, "बसलीस तर."

दिव्यश्री म्हणाली की ती बसणार नाही, तिला पडायची भीती वाटते. का वाटते तेही तिने सांगून टाकलं. इतकं सरळ तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सुधींद्रकाकांनी धीर देणारं काही म्हटलं नाही. गाद्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "तिकडे शिकवणीचा पहिला दिवस पडण्यातच जातो. बैल दाखवतसुद्धा नाहीत. पडायचं कसं आणि उठून पळायचं कसं, एवढंच. तुझ्याकडे तर एवढ्या गाद्या आहेत."

मॉल सकाळी उघडायच्या आधी तासभर तिला रिंगण झाडून पुसून ठेवावं लागायचं. दुसऱ्या दिवशी तिने झाडू लवकर आवरला, बूट काढले आणि गादीवर गुडघे टेकून बसली. तिथून एका कुशीवर कलंडली. एवढंच. तरी दोन्ही हातांनी गादी आवळून धरली. मग पुन्हा कलंडली.

तिच्याबरोबर काम करणारे यल्लाप्पा पन्नाशीचे होते, गदगकडच्या खेड्यातले. घरी खिल्लारी बैलांची जोडी असलेल्या या माणसाला बैलावर बसायची कल्पनाच विचित्र वाटायची. बैल जुवाखाली शोभतो, त्याच्या पाठीवर माणसाचं काय काम, असं ते कन्नडात म्हणायचे, आणि हा लोखंडाचा आहे म्हणून मी मुठी फिरवतो, असंही. दिव्यश्रीला रोज सकाळी गादीवर पडताना पाहून आधी त्यांना वाटलं पोरीचं काही बिनसलंय. तिने सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तेही लवकर येऊ लागले.

पडणं असं हळूहळू अंगवळणी पडलं. हनुवटी छातीशी, हात पुढे ताठ करायचे नाहीत, खांद्यावरून लोळण घ्यायची, आणि जमीन लागली की तिथे पडून राहायचं नाही, हातपाय टेकून कठड्याकडे धावायचं. खऱ्या रिंगणात बैल काही थांबत नाही, सुधींद्रकाका सांगायचे. स्वार पडला की दोघं-तिघं बैलाच्या पुढ्यात जाऊन त्याला आपल्या अंगावर ओढून घेतात, पण पळायचं स्वारालाच असतं. छातीला जाड जाकीट आणि डोक्याला शिरस्त्राण असूनही माणसं जायबंदी होतात, कधी दगावतातही. हे त्यांनी लपवलं नाही. गूळीवरून पडणं त्यामानाने काहीच नव्हतं, पण दिव्यश्री कठड्याकडे धावायची ती मागे खरा वळू असल्यासारखी.

त्याच दिवसांत एकदा बसचा संप होता आणि शंभूराज स्कूटर काढून दारात उभा राहिला. ती मागे बसली. त्याने सगळा रस्ता इतक्या हळू चालवली, की शेवटी तिनेच त्याला जरा पळव म्हटलं.

मग बसणं सुरू झालं. गूळी बंद असताना, मग अगदी मंद. बसायचं दोराला अगदी भिडून, पुढे, जवळजवळ धरलेल्या हातावरच. मागे सरकलं की बैलाची उसळी दुपटीने लागते. पकड मांड्यांच्या आतल्या बाजूची, पावलं बाहेर वळलेली. नजर बैलाच्या खांद्यांवर, कारण तो कुठे वळणार ते डोक्याआधी तिथे कळतं. पुढून उठला की छाती पुढे, मागून उसळला की कंबर पुढे आणि खांदे मागे. मोकळा हात शोभेचा नाही, तोल त्याच्यावर असतो. दिव्यश्री उजव्या हाताने धरायची. गूळी उजवीकडे फिरला की तिला सोपं जायचं, डावीकडे फिरला की अंग मागे राहायचं आणि घिरकीच्या आतल्या बाजूला कोसळायचं. आतल्या बाजूला पडणं सगळ्यात वाईट, काका म्हणायचे, खरा बैल तिथेच पुन्हा येतो.

दिव्यश्रीच्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. आईपासून तिने ते लपवलं, पण अंबुबाईंच्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही. एकदा त्यांनी तेल गरम करून आणलं, तिला पालथं झोपायला लावलं आणि चोळता चोळता सगळं काढून घेतलं.

"एकदा हाड मोडून घेतलंस, ते पुरलं नाही काय गं?"

"पुरलं, आई. म्हणूनच."

अंबुबाईंनी वाटी उचलली आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी रघुजींनी दुकानातून जाड फोम आणि रेक्झिन कापून आणलं आणि लेकीच्या पँटला आतून मांडीपाशी शिवून दिलं. अंबुबाईंनीच सांगितलं होतं, असं ते म्हणाले.

पावसाळा संपता संपता मॉलच्या मॅनेजरने स्पर्धा जाहीर केली. ऋतुराज पुण्याहून आलेला तरुण मुलगा, सारखा घाईत असायचा. गर्दी खेचायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सुधींद्रकाकांनी त्याला गाठून खरे नियम लावायला राजी केलं: एक हात, आठ सेकंद, स्वाराचे आणि बैलाचे निम्मे निम्मे गुण. गूळीचे अवघड-सोपे डाव चिठ्ठ्या टाकून ठरायचे. परीक्षक म्हणून घोडेस्वारी शिकवणाऱ्या अहल्या मॅडम आणि एक जुने जिम्नॅस्टिकचे शिक्षक आले. स्वतः काका बाजूला राहिले, दिव्यश्री माझी शिष्या आहे म्हणून.

ऋतुराज तिला घ्यायला तयार नव्हता. स्टाफने खेळायचं नाही, लोक म्हणतील सगळं सेट आहे, असं तो म्हणाला. तिने त्याला सांगितलं, की मुठींवर ती नसेल, यल्लाप्पा असतील, आणि डाव चिठ्ठीने निघेल. मग त्याने मोडलेल्या हाडाचा मुद्दा काढला. ती डॉक्टरांकडून तपासून आली. मग तो म्हणाला बघू. ती रोज सकाळी त्याच्या केबिनच्या दाराशी उभी राहून तेच विचारायची, आवाज न चढवता. शेवटी तो वैतागून हो म्हणाला.

शनिवारी पहिली फेरी झाली. इलेक्ट्रॉनिक सिटीतून कंपन्यांच्या पोरांचे घोळके आले होते. बहुतेक जण तीन-चार सेकंदांत गादीवर गेले. विराट नावाचा एक सडपातळ मुलगा टिकला, तोही फार सुरेख. दिव्यश्रीचं नाव पुकारलं. चिठ्ठीत डावीकडे फिरणारा डाव निघाला, घिरकी आणि उसळ्या मिसळलेला. ती चढली, पुढे सरकली, हनुवटी खाली घेतली आणि मान डोलावली.

गूळी निघाला, आणि पहिल्याच वळणाला तिला कळलं की काहीतरी चुकतंय. उसळी यायची तिथे नुसता हेलकावा येत होता. घिरकी येत होती ती जत्रेतल्या पाळण्यासारखी. भोंगा वाजला तेव्हा ती अजून ताठ बसलेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिव्यश्री खाली उतरली आणि तिने टेबलाकडे पाहिलं. यल्लाप्पा मान खाली घालून मुठी पुसत होते.

अहल्या मॅडमनी तिला जवळ बोलावलं. "तुझं बसणं चांगलं होतं. बैल मात्र उसळलाच नाही. हे गुण घेतलेस तर उद्याच्या फेरीत शेवटची म्हणून जाशील. नको असतील तर नियमाप्रमाणे पुन्हा बसता येईल. पण मग हे गुण गेले."

ऋतुराज मागे उभा होता. घेऊन टाक गं, काय विचार करतेस, असं तो पुटपुटला. दिव्यश्रीने कठड्यापलीकडच्या सुधींद्रकाकांकडे पाहिलं. ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते. तिला गुण हवे होते. उद्याच्या फेरीत नाव लागावं, आई-अप्पांनी यावं, हे तिने कितीदा मनात रंगवलं होतं. पण भोंगा वाजला तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं, आणि ते तिला सहन होत नव्हतं.

"पुन्हा बसते," ती म्हणाली.

या वेळी यल्लाप्पांनी हात राखला नाही. गूळी मागून असा उसळला की तिचे दात एकमेकांवर आदळले. ती टिकली, एक वळण, दुसरं वळण, मग तो अचानक डावीकडे गरकन फिरला. तिचा मोकळा हात मागे राहिला, अंग त्याच्यामागे गेलं, आणि ती घिरकीच्या आत कोसळली. मनगट दोरात क्षणभर अडकून पिळलं. मग सुटलं. भोंगा अजून वाजायचा होता.

ती उठली आणि कठड्याकडे धावली. पाटीवर तिच्या नावापुढे शून्य लागलं.

त्या संध्याकाळी बरेच जण तिला मूर्ख म्हणाले, काही तोंडावर, काही मागून. शंभूराजलाही राग आला होता. हातातलं कुणी सोडतं का, असं तो जेवताना पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. दिव्यश्री मनगटाला पट्टी बांधून बसली होती. तिला वाईट वाटत होतं, खूपच वाटत होतं. पण पडण्याचं वाटत नव्हतं, आणि हे लक्षात आल्यावर ती स्वतःच चकित झाली.

यल्लाप्पा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी तीच दोन चहा घेऊन त्यांच्याजवळ गेली. त्यांनी चहा घेतला आणि कन्नडात हळूच सांगितलं, की तू पहिल्यांदा इथे आलीस तेव्हा सरकता जिना उतरताना रडकुंडीला आली होतीस, ते मी पाहिलंय. स्पर्धेच्या दिवशी हातच चालेना. त्या माणसाने दुसऱ्या कुणासाठी हे केलं नसतं.

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही मुठीला हात लावला की तुम्ही माझे अण्णा नाही. तुम्ही बैल. बैलाने बैलासारखं वागायचं. नाहीतर मी शिकणार कशी?"

त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे.

आणि तो शब्द त्यांनी पाळला. वर्षभर सकाळी मॉल उघडायच्या आधी ते तिला डावीकडे फिरवत राहिले. कधी उसळीत घिरकी, कधी घिरकी मोडून उलटी घिरकी, कधी क्षणभर शांत राहून मग एकदम झटका. ती पडायची, धावायची, पुन्हा चढायची. मोकळा हात वळणाच्या आत, बैलाच्या आधी न्यायचा, हे डोक्याला कधीच कळलेलं होतं. खांद्याला कळायला हिवाळा गेला. मनगट वळलं की दुखायचं, तेव्हा ती नुसत्या मांड्यांवर, दोर न धरता, मंद गूळीवर बसून राहायची. सुधींद्रकाका उन्हाळ्यात मुलीकडे कॅनडाला गेले, तर तिथून फोनवर तिचे व्हिडिओ बघून सांगायचे: मागे सरकतेस, हनुवटी वर जाते.

पुढच्या स्पर्धेला ऋतुराजने काहीच विचारलं नाही, तिचं नाव स्वतःच घातलं. शनिवारी ती टिकली. रविवारी दुपारी अंतिम फेरीला अंबुबाई आणि रघुजी आले, कठड्याशी अगदी पुढे उभे राहिले. अंबुबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

चिठ्ठीत सगळ्यात अवघड डाव निघाला. यल्लाप्पांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. तिने मान डोलावली आणि गूळी सुटला. पुढचं तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवायचं: रेक्झिनचा वास, लोखंडाची घरघर, खाली जाणारे खांदे. डावीकडची घिरकी आली तेव्हा तिचा हात आधीच तिथे होता. उलटी घिरकी आली. कंबर मागे राहिली, तिने ती ओढून पुढे आणली. अंग अर्धं सुटलं, मांडीने पकडलं. मग कुठूनतरी लांबून भोंगा ऐकू आला आणि तिला क्षणभर समजलंच नाही की तो तिच्यासाठी आहे. हात सोडला, उजवीकडे पाय टाकला, गुडघ्यांवर पडली, उठली, धावली. कठड्याला आदळली ती थेट आईच्या समोर.

गेल्या वर्षीच्या त्या विराटला तिच्यापेक्षा थोडे अधिक गुण मिळाले. तो पहिला, दिव्यश्री दुसरी. तिला वाईट वाटलं नाही असं म्हणता येणार नाही. पाटीवरचे आकडे तिने दोनदा वाचले. पण विराटचं बसणं तिने पाहिलं होतं आणि ते खरोखर सरस होतं.

नंतर खाली सगळे जेवायला बसले. यल्लाप्पाही आले, रघुजी आणि ते बैलांविषयी बोलत राहिले. दिव्यश्रीच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, चमचा धरता येईना. अंबुबाईंनी तिची ताटली आपल्याकडे ओढली आणि भरल्या मॉलमध्ये, शेजारच्या टेबलांवरून लोक बघत असताना, तिला बिसी बेळे भाताचे घास भरवायला सुरुवात केली. दिव्यश्रीने गुमान खाल्लं. मग पलीकडे विराट मित्रांबरोबर उठायच्या तयारीत दिसला, तशी ती तोंडातला घास संपवत उभी राहिली.

"जेव तरी नीट," अंबुबाई म्हणाल्या.

"आले, आई. उलट्या घिरकीत त्याची कंबर मागे राहत नाही. कशी, ते विचारून येते."

आणि सुजलेला हात पोटाशी धरून ती टेबलांमधून वाट काढत त्याच्याकडे गेली.